समोरच्या दुकानाकडे पाठ करून

लाज वाटली की आईला पहिलं सुचतं ते कुलूप. गिऱ्हाइकाच्या डोक्यात हातोडी घातल्याच्या आरोपावरून पोलिसांनी धाकट्याला नेलं, त्याच आठवड्यात तिने त्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीतलं बिऱ्हाड उचलून मामाकडे परगावी नेलं. चारचौघांत नाक राखायचा तिला तेवढाच मार्ग दिसला. कोर्टात त्याचा भलताच अर्थ लागला. पोलिस पत्त्यावर जाऊन कुलूप बघून आले आणि सरकारी वकील म्हणाले, "याला सोडलं तर शोधायचा कुठे?" जामीन नामंजूर झाला.

थोरली बहीण तरातरा वकीलबाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "माझ्या भावाने काही केलेलं नाही. तेवढं नीट सांगा ना न्यायाधीशांना!"

"ते खटल्यात सांगेन, घसा फोडून," वकीलबाई म्हणाल्या. "खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आहे, ताई. आत्ता कोर्ट मुख्य बघणार ते हेच, की बाहेर आला तर पळेल का, साक्षीदाराला धमकावेल का. आणि पुन्हा अर्ज करायचा तर परिस्थिती बदललेली दाखवावी लागेल."

"मग मी दुकान उघडते."

"समोर कोण आहे, ठाऊक आहे ना?"

समोर न्हावीकाका होते. भांडण डोळ्यांनी पाहिलेले एकटेच साक्षीदार, आणि या भावंडांना अंगाखांद्यावर खेळवलेले. वकीलबाईंनी बजावलं, "त्यांच्याशी एक शब्द नाही. हसणंसुद्धा नाही. त्यांच्यावर दबाव आहे अशी नुसती शंका आली, तरी अर्ज बुडाला म्हणून समजा."

थोरली म्हणजे भिंतीशीही दोन शब्द बोलेल अशी. पण ती इरेला पेटली होती. शिवणकारखान्यात तिने सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारी दुकान उघडू लागली. किल्ल्या घासायला बापानेच दोघांना शिकवलं होतं. बापाचं टेबल रस्त्याकडे तोंड करून होतं, ते तिने ओढून भिंतीकडे फिरवलं.

"ताई, पाठ करून धंदा?" गिऱ्हाइकं चेष्टा करत.

"मी किल्ली बघू की तुमचं तोंड?"

एका दुपारी काकांनीच हाक मारली, "पोरी, आई बरी आहे का गं?" थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने कानस जोरात चालवली आणि मान वळवली नाही.

सुनावणीला सरकारी वकील तावातावाने म्हणाले, "साक्षीदाराच्या दारातच दुकान थाटलंय. हा दबाव नाही तर काय?"

"साक्षीदाराला विचारलंत?" न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं.

अधिकाऱ्याने घसा साफ करून जबाब वाचला. "सहा आठवडे ती माझ्याकडे पाठ करून बसते. मी हाक मारली तरी वळली नाही. मी पाहिलं ते सांगणारच, मला कसली भीती? वाईट मात्र वाटतं."

जामीन झाला. जामीनदार थोरली. दर सोमवारी पोलिस ठाण्यात हजेरी, आणि काकांची साक्ष होईपर्यंत धाकट्याने त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही.

"म्हणजे दुकानात जाताच येणार नाही त्याला!" आई कळवळली. "मग उघडून काय मिळवलंस?"

"तुझा मुलगा," थोरली म्हणाली.

आता धाकटा तिच्याच घरी राहतो. संध्याकाळी ती पिशवीभर बिघडलेली कुलपं त्याच्यापुढे ओतते आणि दुरुस्त झालेली दुसऱ्या दिवशी दुकानात नेते. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "काका कसे आहेत?"

"मला काय ठाऊक? मी पाठ करून बसते."

अटकेनंतरच्या आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला. "त्यांची साक्ष झाली ना, की त्याच दिवशी जाऊन त्यांच्याकडून दाढी करून घेणार आहे."

"साक्ष काहीही दिली तरी?"

माझ्या भावाने काही केलेलं नाही, असं आठ महिने तिने जगाला छातीठोक सांगितलं होतं. त्याला स्वतःला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

धाकट्याने कुलूप कानाशी नेऊन हलवून पाहिलं. "काहीही कशी देतील? त्यांनी पाहिलंय ना सगळं. मग मला कसली भीती?"

थोरलीने पिशवी झटकली आणि तळाशी अडकलेलं शेवटचं कुलूप त्याच्यापुढे सरकवलं.