उघड्या डोळ्यांचा फोटो

एक्क्याण्णव सालची गोष्ट. जिंतूरजवळच्या त्या गावात आश्रुबाला लोक तोंडावर फोटोग्राफर म्हणायचे, माघारी मढ्याचा फोटोवाला. खोटं न्हवतं. जितेपणी कोण फोटो काढतंय? माणूस मेलं की आश्रुबाला सांगावा. मग मढं खुर्चीत बसवायचं, हनुवटीला फडकं बांधायचं, लेकी-सुना भोवती उभ्या करायच्या. खुर्ची कायम अंगणात, भर उन्हात. मेलेल्या तोंडावर उन्हानं जराशी कळा येती, हे त्याचं त्यानंच शिकलेलं.

त्याची माय कडूबाई. तिच्या पोटात गाठ निघाली अन् डॉक्टरनं दिवाळीपस्तोर म्हणून सांगितलं, तवा ती म्हणली, "मेल्यावर मपला फोटो काढू नकोस. डोळे उघडे हायत तवर काढ. तू हिकून, सुग्रीव तिकून. तू तर लेका एकाबी फोटोत न्हाईस."

आता बटण कोण दाबणार? कॅमेऱ्याचा टायमर कवाच मोडलेला. अन् दुसऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायला घरात बंदी. मागं आश्रुबा घरी नसताना शेजाऱ्यानं बटण दाबलं, फोटोत बापाचं डोकं कापलं गेलं अन् महिन्यात बाप गेला.

धाकटा सुग्रीव सोमवारी ऊसतोडीच्या टोळीसंगं निघणार होता. शनिवारी आश्रुबा एस्टीनं परभणीला गेला. कॅमेऱ्याच्या दुकानात तात्यारावनं दोन वस्तू पुढं ठेवल्या. एक काळी रबरी नळी, वीस फुटाची, टोकाला फुगा. फुगा दाबला की हवेनं लांबूनच कॅमेऱ्याचं बटण दबतं. दुसरी बिनवायरची. एक डबी कॅमेऱ्यावर, एक मुठीत. तात्यारावनं दुकानातच दाबून दाखवली. खट्!

"पर तू नळी घे," तात्याराव म्हणला. "दिसायला भंगार हाय, दगा देत न्हाई. ही डबी मुंबैची हाय, लय नखरे."

"नळी फोटोत दिसंल की."

"दिसू दे. तुझ्या गिऱ्हाइकाच्या नाकातला कापूस न्हाई दिसत?"

हे आश्रुबाला झोंबलं. मायचा फोटो तसला नको. त्यानं डबी उचलली.

सोमवारी दुपारी वेशीत टोळीचा ट्रक उभा. आश्रुबानं सवयीनं खुर्ची अंगणात भर उन्हात मांडली. मायला नवं लुगडं नेसवून बसवलं. दोघं भाऊ दोन बाजूंनी. त्यानं मुठीत डबी दाबली.

काईच न्हाई.

परत दाबली. परत. जाऊन पाह्यलं, कॅमेऱ्याचं बटण दबलंच न्हवतं. डबी काढली, लावली.

"झालं का रे?" माय कण्हली.

"एकडाव आणखी, माय."

"दादा, मुकादम बोंबलायलाय," सुग्रीव म्हणला.

आणखी एकडाव करता करता मायची मान कलली. तिला उचलून आत नेलं. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा परभणीला. तात्याराव ऐकून कपाळाला हात लावून बसला. "उन्हात चालत न्हाई रे ती, उन्हापुढं तिचा किरण टिकत न्हाई. तू सावलीत काढशील वाटलं मला." अन् डबी घेऊन नळी दिली.

"एकटीचा काढू का?" आश्रुबानं मायला इचारलं.

"दोघं पाह्यजेत. सुग्रीव येऊ दे."

नवव्या दिवशी ती गेली. सुग्रीवला तार केली, तो यीस्तोर माती थांबवली. तो आला, रडला, मग भिंतीकडं बघून म्हणला, "काढ, दादा."

"तिनं नको म्हणलं होतं."

"मग भिंतीवर काय लावायचं? मी तिला कुठं बघू?"

आश्रुबा उठला, मायला खुर्चीत बसवलं. हनुवटीला फडकं त्यानंच बांधलं. पापण्या अंगठ्यानं वर केल्या, त्या खाली आल्या. परत केल्या, परत आल्या. मग राहू दिल्या. नळी कॅमेऱ्याला लावली, मायच्या एका बाजूला सुग्रीवला केलं, दुसऱ्या बाजूला आपण उभा राह्यला अन् फुगा दाबला.

खट्! पहिल्याच दाबात.

तो फोटो अजून भिंतीवर हाय. खुर्चीच्या पायापासून आश्रुबाच्या मुठीपस्तोर काळी नळी दिसती. नवं माणूस आलं की इचारतं, "फोटोच्या वक्ताला सलाईन चालू होती का वो बाईला?"

"हाव," आश्रुबा म्हणतो.