बोरवंडच्या जोत्यावरचा तंबू

मित्रांनो, मी तंबू आहे. वयानं बराच जुना. रंगानं एके काळी हिरवा होतो, आता नेमका कोणता ते मलाही सांगता येणार नाही. माझ्या पोटात दोन माणसं, एक वळकटी आणि एक कळशी एवढं मावतं.

औरंगाबादच्या छावणीत करीमचाचा नावाच्या शिंप्यानं मला जाड कापडातून शिवलं. शेवटचा टाका घालताना ते म्हणाले होते, "कपडा गया तो गया, सिलाई नै जाती." त्यांचं म्हणणं खरं ठरलं. माझी एकही शिवण अजून उसवलेली नाही.

माझी पहिली नोकरी पैठणच्या बाजूला होती. जायकवाडीचं धरण होणार होतं. पाण्याखाली जाणारी गावं मोजायला साहेब लोक येत आणि माझ्यात राहत. नकाशे माझ्यातच पसरले जात. गावकरी माझ्या दाराशी येऊन उभे राहत, फार बोलत नसत. माझ्या सावलीत यांना बरं का वाटत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुढं पाणी चढलं आणि बोरवंड नावाचं गाव त्यात गेलं. मी सरकारी कोठारात पडून राहिलो. काही वर्षांनी लिलाव झाला आणि काकासाहेब नावाच्या एका कारकुनानं मला घरी नेलं.

काकासाहेब मूळचे बोरवंडचेच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोरवंडची टेकडी वर यायची. चहूकडं पाणी आणि मधे ते बेट. त्यावर पडक्या घरांची जोती आठ-दहा दिवस उघडी राहायची. काकासाहेबांची बायको द्वारकाबाई हिची एकच इच्छा होती. ज्या घरात ती लग्न होऊन आली, त्याच्या जोत्यावर एक रात्र काढायची. त्यासाठीच मला आणलं होतं. पण माझ्यावरचा सरकारी मोजणीचा शिक्का बघितला आणि तिनं पदर खोचला.

"अहो, ह्यो तर मोजणीवाल्यांचा तंबू! ह्याच्यात बसून आपलं घर कागदावर मांडलं त्यांनी. मी ह्यात पाय नाय ठेवायची."

"मग झोपशील कुठं? तिथं काय डाक बंगला हाय?"

"उघड्यावर झोपंन."

तरी मी होडीत चढलोच. पुंजाराम भोई वल्ही मारत होता. त्यानं विचारलं, "काय वहिनी, माहेरी का सासरी?"

"सासरीच. पण सासू नाय ना, म्हणून खुशीत!" द्वारकाबाई म्हणाली. काकासाहेबांनी पाण्याकडं तोंड फिरवून हसून घेतलं.

बेटावर उतरल्यावर तिला आपलं जोतं शोधायला वेळ लागला नाही. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. काकासाहेबांनी मला तिथंच उभारलं. जुन्या घराचं दार होतं तिथंच माझं दार आलं पाहिजे, मावळतीकडंच, असा त्यांचा हट्ट. पुंजाराम उद्या येतो म्हणून परत गेला. द्वारकाबाईनं तीन दगडांची चूल मांडली आणि भाकरी थापायला बसली.

चारच्या सुमाराला पाण्यावरून वारं सुटलं. ते सरळ माझ्या दारातून आत शिरलं. मी फुग्यासारखा फुगलो. धरणाच्या गाळात खुंट्या किती टिकणार? एकेक करून त्या उपटल्या आणि मी पाण्याच्या दिशेनं निघालो. मला वाटलं, संपलं. मी गेलो की रात्रीचा आडोसा गेला. मग काकासाहेब एखादी होडी हाका मारून बोलावणार आणि माघारी नेणार. पुढच्या साली पाणी एवढं उतरेल याचा काय भरवसा?

तेवढ्यात कुणीतरी माझ्यावर अंग टाकलं. ती द्वारकाबाई होती. हाताला पीठ तसंच.

"धरा की! बघत काय बसलात?"

"तूच म्हणत होतीस, नको हा तंबू..."

"ते मागून बोला! आधी दोरी धरा!"

दोघांनी मला ओढत जोत्यावर आणलं. धापा टाकत ती उंबऱ्यावर बसली आणि समोर बघत राहिली. मग हळू म्हणाली, "आपलं दार मावळतीला होतं, व्हय. पण समोर भागूबाईची भिंत होती. सगळं वारं ती भिंत खायची. आता भिंत कुठाय? दार उगवतीला फिरवा."

काकासाहेबांनी हट्ट सोडला आणि दार फिरवलं. मग दोघांनी आपल्याच पडक्या भिंतीचे दगड उचलून आणले आणि माझ्या कडांवर रचले. त्या वजनानं मी असा बसलो की जोरदार वाऱ्यालाही हललो नाही.

भाकरी करपली होती. ठेच्याबरोबर तीच खाताना दोघं एवढी हसली की काठावरचे बगळे उडाले. दिवस मावळताना द्वारकाबाई स्वतःहून आत आली. माझ्या कापडाला हात लावून बघितला, ऐसपैस पाय पसरले आणि म्हणाली, "आता मोजा म्हणावं आमचं घर!"

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

त्यानंतर अकरा उन्हाळे आम्ही तिघं जात राहिलो. ज्या साली पाणी पुरतं उतरलं नाही आणि जोती बुडालेलीच राहिली, त्या साली टेकडीच्या माथ्यावर राहिलो. मग द्वारकाबाई आजारी पडली आणि गेली. काकासाहेबांनी मला नीट झटकलं, घडी घातली आणि औरंगाबादेतल्या पुंडलिकनगरच्या घरात माळ्यावर ठेवलं. चार वर्षं मला कुणी हात लावला नाही.

यंदा त्यांच्या मुलीनं, उमानं, मला खाली काढलं. गच्चीवर पसरलं तर घडीच्या रेषांवर मी जागोजाग तडकलेला. ती ठिगळं लावायला बसली. काकासाहेब जिन्यातच थांबले.

"कशाला काढलास? तुझी आई नाय आता."

"आई नाय, पण जोतं हाय ना, आप्पा? पाणी उतरलंय. पुंजारामकाकांना निरोप धाडलाय मी."

ते उरलेल्या पायऱ्या चढले. मग येऊन तिच्याशेजारी बसले आणि तिच्या हातातली दाभण घेतली. "आण इकडं. तुझा टाका लई लांब पडतो."

मित्रांनो, तंबू ओला गुंडाळू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, की कोरडा असला तरी त्याला फार दिवस घडीत ठेवू नका. बेटावरच्या वाऱ्यानं मी कधी फाटलो नाही. फाटलो तो माळ्यावर.