आठवं ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. ट्रकच्या मागल्या चाकातली. माझ्या अंगावर आठ ठिगळं आहेत आणि प्रत्येकाची एक हकिगत आहे. पण घाबरू नका, मी आठव्याचीच सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या गरम साच्यात झाला आणि उमेदीची वर्षं चिरेखाणीच्या ट्रकखाली गेली. पार संगमेश्वरापर्यंत आम्ही घरांसाठी तांबडे चिरे पोचवायचो. लोक टायरची नक्षी बघायचे, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं वाचायचे. आत हवा धरून बसलेली मी कुणाला दिसणार? माझी आठवण व्हायची ती पंक्चर झाल्यावर, आणि तीही शिव्यांनी.

पुढे ट्रक भंगारात गेला आणि मी मिरजोळ्याला लवूच्या पंक्चरच्या दुकानात खिळ्यावर लटकले. माझ्या शेजारणींच्या पट्ट्या कापून लवू लोकांना सामान बांधायला द्यायचा. कात्री दिसली की वाटायचं, आता पाळी माझी.

एके दिवशी करुणा आली. तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला असणारी, अडतीस वर्षांची, रोज सायकलने कामाला येणारी. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही कशाला गो?" लवूने विचारलं.

"पोहायला शिकायचंय. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलंय. समुद्रात एकोणीसशे मीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं."

"नि पोहता येत नाय? मंग नाव कशाला घातलंस?"

"शिकून मग घालू म्हटलं असतं, तर राहूनच गेलं असतं."

सायकलची आणि धावण्याची तिला चिंता नव्हती. शाळेसाठी रोज दोन घाट्या चढणारी डोंगरातली पोर ती. घोडं अडलं होतं ते पाण्यात, आणि हाताशी होते चार महिने.

भाट्याच्या किनाऱ्यावर रावजी नावाचे म्हातारे मच्छीमार तिला शिकवू लागले. दोरीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं मला, आणि बाजूला होडीत रावजी. त्यांनी तिला सांगून ठेवलं, "भरतीला येत जा. तिथीची पाऊणपट केलीस की वेळ कळते. आठाची पाऊणपट सहा, म्हंजे सहाला भरती."

आठ तारखेला सकाळी सहाला करुणा मला खांद्याला अडकवून हजर. समुद्र मात्र लांब निघून गेलेला. ओल्या वाळूतले खेकडे आम्हा दोघींकडे बघत राहिले.

रावजी पोट धरून हसले. "अगो, तारखेची नाय, तिथीची! आज द्वितीया हाय."

"आमच्या घरी तिथी कोण बघतं? पौर्णिमा तेवढी पाळतो."

"मंग पुनवेपासून मोज. अवस झाली की परत एकापासून."

त्यानंतर तिचा हिशेब कधी चुकला नाही. कधी कामाआधी, कधी कामावरून सुटल्यावर ती बरोब्बर भरती गाठायची. तिसऱ्या महिन्यात ती पूर्ण अंतर पोहू लागली, पण मी बांधलेली असताना. दोरी सोडली की चार हात मारेपर्यंत तिचं अंग दगडासारखं व्हायचं. आणि स्पर्धेत तर मला बंदी. मित्रांनो, खरं सांगू? मला मात्र ते आवडत होतं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी हवी होते.

स्पर्धेला दहा दिवस राहिले. त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो आणि थोड्या वेळातच माझं जुनं रबर फाटून नवी चीर पडली. हवा बुडबुड्यांनी निघून गेली. मी लाजेने अर्धमेली झाले. ओरडावं म्हटलं तर तोंड कुठे आहे? पण करुणा हात मारत राहिली. रावजी होडीतून सगळं बघत होते, तेही बोलले नाहीत.

किनाऱ्याला लागून ती धापा टाकत म्हणाली, "आज पाणी फार जड होतं हो."

"पाणी नाय जड," रावजी म्हणाले. "मागं बघ."

तिने दोरी ओढली. दोरीच्या टोकाला मी, चपटी, वाळूने भरलेली.

"हवा कधी गेली?"

"सुरवातीलाच. हिनं तुला नाय, तूच हिला आणलंस."

करुणा वाळूतच बसली. रडली, मग हसली, मग तिने आपल्या हाताने कमरेची गाठ सोडली. मित्रांनो, इतका आनंद मला हवा भरलेली असतानासुद्धा कधी झाला नव्हता.

स्पर्धेला मी नव्हते, ऐकलेलं सांगते. ती बावन्न मिनिटांत पाण्याबाहेर आली आणि ठरलेली मुदत संपायला अकरा मिनिटं उरली असताना धावणं पुरं केलं. परत आल्यावर तिने पदक आधी माझ्या वॉल्व्हला अडकवलं. लवूने कात्री घेतली, पण ती आठवं ठिगळ कापायला.

तेव्हा मित्रांनो, हवा गेली म्हणून जुन्या वस्तूला टाकून देऊ नका. एक ठिगळ लावून बघा.

गावाहून करुणाची आई, कमलाबाई, आली आहे. साठी उलटलेली. मला बघून म्हणाली, "गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाय जन्मात. आता मला बांध हिला."

उद्या पंचमी, पावणेचारला भरती. कमलाबाईने गाठ दोनदा ओढून बघितली आहे. आणि मी ती सुटायच्या दिवसाची वाट बघते आहे.