आवाज येतोय का?

चहा झाला की सासरे सांगणार होते, घराचा वरचा मजला लेकीला द्यायचा की लेकाला. "तोवर आत बसा आणि तोंड म्हणून उघडू नका," बायकोने बजावलं होतं. म्हणून जावई आतल्या खोलीत लॅपटॉपशी झटत बसला. कालच त्याने त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं आणि तेव्हापासून लॅपटॉपची दातखीळ बसली होती, आवाजच फुटत नव्हता.

त्याने इंटरनेटवरून एक कमांड उचलून चालवली. आता माइकमध्ये बोललेलं लगेच स्पीकरमधून ऐकू यायला हवं होतं.

"हॅलो, हॅलो," तो हळूच म्हणाला. लॅपटॉप ढिम्म.

बाहेर कपबशांची किणकिण थांबली.

जरा लांबलचक बोलून बघू, म्हणून तो माइकला तोंड लावून कुजबुजला, "थेरड्याचा जीव त्या मजल्यात अडकलाय. आणि मेहुण्यापेक्षा दगड बरा, निदान कपडे तरी धुता येतात." काहीच नाही. त्याने आवाज शंभर टक्के केला आणि तेच पुन्हा म्हटलं.

बाहेर टीव्ही बंद झाला. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

शेवटी त्याला ते सेटिंग सापडलं. आवाज कुठून बाहेर पडतोय, तिथे लिहिलं होतं: हॉलमधला ब्लूटूथ स्पीकर. त्याने घाईघाईने ते कनेक्शन तोडलं.

पावलं दाराशी येऊन थांबली.

"जावईबापू," सासरे अगदी गोड आवाजात म्हणाले, "बंद का केलंत? छान स्वच्छ येत होतं. या बाहेर, आमचा चहा झालाय."