शेपटीवाला विभाग

कस्तुरीने पुस्तक टेबलावर हळूच ठेवले, पण परसूअण्णाला ते आपटल्यासारखेच ऐकू आले.

"यातसुद्धा शेवटी मुलगा आईची माफी मागतो," ती म्हणाली.

"मागू दे की गं. आईच ती."

"अण्णा, एकशे बारा पुस्तकं झाली! मी काही केलंच नाहीये, आणि एकशे बारा वेळा माफी मागून झाली. बोअर झालं."

तिच्यामागे उभी असलेली तिची आई वासंती ओशाळून हसली. नवऱ्याची कॉम्प्युटर कंपनीत बदली झाली म्हणून पुण्याहून बंगळुरात येऊन तिला सहाच महिने झाले होते. "नऊ वर्षांची आहे हो, पण सकाळी दिलेलं पुस्तक दुपारी संपवते. रविवारपर्यंत बघू, नाहीतर इंग्रजी लायब्ररीत नाव घालते."

दोघी गेल्या आणि परसू मुलांच्या कपाटापाशी जाऊन उभा राहिला.

बसवनगुडीतल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात झाडू मारणारा, कुलूप लावणारा आणि पुस्तके देणारा असे तिघेही परसूच होता. मुलांच्या कपाटाला कस्तुरी हे एकच गिऱ्हाईक. ते गेले की कपाट कॅरमवाल्यांना ट्रॉफ्या ठेवायला द्यायचे, असे सेक्रेटरी नरसिंहरावांनी चारचौघांत सांगून टाकले होते. कॅरमवाल्यांकडे ट्रॉफी एकच होती, तीही दुसऱ्या नंबरची; पण दोघे-तिघे रोज येऊन टेपने कपाट मोजून जात. आणि परसू बावन्नाव्या वर्षी अक्षरे शिकला तो याच कपाटातल्या अंकलिपीवर. शिकवले होते खुद्द नरसिंहरावांनी, पट्टी हातात घेऊन.

त्या दिवशी नरसिंहराव हुबळीला लग्नाला निघाले होते. जाताना, कपाटाला एक शेवटची संधी म्हणून, टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले. परसूने ती बोट लावून, ओठ हलवत, तीनदा वाचली. आयुष्यात त्याला कुणी लिहिलेली ती पहिलीच चिठ्ठी.

'परसू, बाल विभागाला योग्य अशी पुस्तके सगळ्या वाचनालयातून निवडून मुलांच्या कपाटात लाव. रविवारी येऊन बघतो.'

सगळे कळले. अडला तो एका शब्दावर, 'बाल'. परसू निपाणीकडचा. घरात मराठी, दारात कानडी. मुलाला तो पोर म्हणे, पोरगं म्हणे, फार लाडात आला तर बाळ म्हणे. 'बाल' मात्र त्याने कानडीतच ऐकला होता. तरी खात्री असावी म्हणून तो बाल म्हणजे काय ते विचारायला शेजारच्या काफीवाल्या देवाप्पाकडे गेला.

"देवाप्पा, बाल अंद्रे एनु?"

देवाप्पाने खांद्यावरचा पंचा काढला, कमरेमागे धरला आणि कुत्र्यासारखा हलवून दाखवला. "इदु बाल!"

शेपूट. म्हणजे शेपटीवाल्यांची पुस्तके! पोरांना जनावरे आवडतात, हे नरसिंहरावांसारख्या खडूस माणसाला कळावे, याचे परसूला फार कौतुक वाटले.

मग तो चार हजार पुस्तकांना भिडला. सगळी वाचायची तर त्याला अजून दोन जन्म लागले असते, म्हणून त्याने फक्त चित्रे बघितली. गुरांच्या रोगांवरचे जाडजूड पुस्तक घेतले. घोड्यांची पारख घेतले. माकडांच्या टोळ्यांवरचा कुणा प्राध्यापकाचा प्रबंध घेतला. धूमकेतूंचे पुस्तक उलटेसुलटे करून पाहिले. ताऱ्याला चांगली हातभर शेपटी होती, तेही घेतले. एका कादंबरीवर गुडघ्यापर्यंत वेणी सोडलेली बाई होती. तिच्यापाशी तो बराच वेळ घुटमळला. शेवटी, वेणी पुढच्या अंगाला आहे, असे म्हणून त्याने ती परत ठेवली. बेडकांचे एक सुंदर रंगीत पुस्तक निघाले, पण बेडकाला कुठले शेपूट? तेही बाजूला टेबलावर राहिले.

गुरुवारी कस्तुरी गुरांचे रोग घेऊन गेली. शुक्रवारी धावतच आली. "अण्णा, गाईचं पोट फुगलं तर काय करतात माहितीये?" घोडे आणि धूमकेतू दोन्ही एकदम घेऊन गेली. शनिवारी माकडे नेली.

रविवारी नरसिंहराव आले, मागून टेप घेऊन कॅरमवाले. नरसिंहरावांनी कपाट उघडले आणि त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"हे काय रे? म्हशीचा कासदाह? हा बाल विभाग?"

"सगळ्यांना शेपटी हाय, रावसाहेब. एकेक तपासून घेतलंय."

"शेपटी? अरे, बाल म्हणजे मूल!"

"मूल म्हणजे बाळ. ळ!" परसू ताठ उभा राहिला. "तुमी ल काढलाय. ल लसणाचा, ळ बाळाचा, असं म्हणत तुमीच माझ्या बोटांवर पट्टी मारलीया. पायजे तर चिठ्ठी दावतो."

नरसिंहरावांनी चष्मा वर ढकलून स्वतःचीच चिठ्ठी मागून घेतली. कॅरमवाल्यांनी कपाट मोजायला हळूच टेप ओढली.

दारात वासंती आणि कस्तुरी उभ्या होत्या. सगळे त्यांनी ऐकले होते. परसूने मान खाली घातली. आता ही पोर जाणार.

"मला ते पाहिजे," कस्तुरी टेबलाकडे बोट दाखवत म्हणाली. "बेडकांचं."

"ते या विभागात बसत न्हाई गं," परसू पडेल आवाजात म्हणाला. "त्याला बाल नसतं."

"असतं की! लहानपणी असतं, मोठा झाला की जातं. म्हणजे बेडूक बाल असतो तेव्हाच त्याला बाल असतं. मग ते दोन्हीकडून बसतं ना?"

नरसिंहरावांनी बोटावर काहीतरी मोजले. "बसतं खरं," ते पुटपुटले.

"पण हे लहान मुलीला योग्य आहे का?" वासंतीने भीत भीत विचारले. "काल जेवताना ही आम्हाला म्हशीची जुलाबाची लक्षणं सांगत होती."

"माफी मागतो का हो कुणी बेडकांच्या पुस्तकात?" कस्तुरीने विचारले.

नरसिंहरावांनी पुस्तक चाळले. "नाही. माश्या खातात."

"मग योग्य आहे," ती म्हणाली आणि तिथेच फरशीवर मांडी घालून वाचायला बसली.

नरसिंहराव कॅरमवाल्यांकडे वळले. "टेप गुंडाळा."

कपाटावरची नवी पाटी परसूने स्वतः रंगवली: बाल विभाग. 'ल'ची शेवटची रेघ जरा लांबली, खाली वळली आणि टोकाला तिला गोंडा आला. नरसिंहरावांनी ती पाहिली, पट्टीसाठी हात पुढे केला आणि मग त्याच हाताने देवाप्पाला दोन काफी सांगितल्या.