तानुबाईचा विळा

जरा पुढं सरका, मायबाप. शिराळ्याकडच्या एका सासूची, सुनेची आणि विळ्याची गोष्ट आहे. मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

अंजनानं रक्ततपासणीचा कागद चार घड्या करून मुठीत धरला होता. पाचवा महिना. आरोग्य केंद्रातल्या सुहासिनी सिस्टरनी आवाज खाली आणून सांगितलं होतं, उपदंश निघालाय; गावात गरमी म्हणतात तीच. शरीरसंबंधातून येणारा जंतू. वर्षानुवर्षं वरून काही दिसत नाही, पण बाळापर्यंत पोचतो; कधी बाळ पोटातच दगावतं. पुढचं अंजनाला ऐकूच आलं नाही. नवरा शिवतेज, त्याच्याखेरीज तिला कुणी ठाऊक नव्हतं. पण फौजेतल्या नवऱ्याला कोण विचारणार? माहेरी धाडतील ती तिलाच. आणि बाहेर बसलेली सासू, तानुबाई, आता दारात येऊन उभी होती.

“काय म्हणत्यात गं?”

सिस्टरनी अंजनाकडे पाहिलं. अंजनाच्या मुठीतला कागद घामानं ओला झाला होता.

“आत्या, गरमी निघालीया. ह्यानं पोटातलं बाळ जातंय म्हणं.”

तानुबाई बाकावर टेकली. शिवतेजच्या आधीची तिची तीन बाळं मेलेलीच जन्मली होती. पहिल्या खेपेला गवत कापताना तिच्या विळ्याखाली नाग आला होता. घरादारानं तोच शाप ठरवला. लोक नागपंचमीचा एक दिवस चिरत-कापत नाहीत. तिसरं बाळ गेल्यापासून चाळीस वर्षं तानुबाईनं विळ्याला, विळीला हात लावला नव्हता. शिवतेज त्या नेमानंच जगला, असं ती मानायची.

सिस्टर समजावत होत्या. पेनिसिलिनची सुई, आठवड्याला एक, अशा तीन. वेळेत घेतल्या तर बाळाला वाचवता येतं. नवऱ्यालाही तपासून औषध द्यायचं, नाहीतर पुन्हा तेच.

“ही सुई तवा हुती का वं, बाई?”

“कधी?”

“चाळीस वर्सामागं.”

“होती,” सिस्टर म्हणाल्या.

तानुबाईनं पदराखालून हात काढून टेबलावर ठेवला.

“माजंबी रगत घ्या.”

घरी सुट्टीवर आलेला शिवतेज पुढच्या सोप्यात, ओसरीवर बसला होता. तानुबाईनं त्याला काही विचारलं नाही.

“उद्या सकाळी दवाखान्यात चल. तुलाबी सुई हाय.”

त्यानं मान खाली घातली. कशाची, असं काही तो म्हणाला नाही. अंजना त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग भाजी चिरायला वळली. तानुबाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि विळी स्वतःच्या पुढ्यात ओढली. पहिलं वांगं तिनं देठापासून उभं चिरलं.

मायबाप, यंदा पंचमीला नागोबापुढं लाह्या ठेवाल, तेव्हा बांधाकडेला पुरलेल्या तानुबाईच्या त्या तीन बिननावाच्या लेकरांची आठवण ठेवा. त्या नागाचीही ठेवा. त्यानं काही केलं नव्हतं.