पात्याचा चाप

मोहिद्दीनभाईंच्या दुकानाची पायरी चढल्यापासून शालननं बनूला कडेवरून खाली सोडलंच नव्हतं. सांगलीच्या पेठेतलं हे दुकान एरवी शिलाई मशिनांचं. पण आज भिंतीला लागून दोन निराळीच मशिनं उभी होती. शिलाई मशीनसारखीच पायानं चालवायची, फक्त सुईच्या जागी वीतभर लांबीचं, सुतळीपेक्षाही बारीक असं करवतीचं पातं. वरून एक लोखंडी दांडा, खालून एक दांडा, आणि दोघांच्या मधे ते ताणलेलं पातं. पाय मारला की ते खालीवर असं नाचायचं की दिसेनासं व्हायचं. लाकडात जाळी कापायची, मोर-पोपट कोरायचे, ते या मशिनावर. बनू दीड वर्षाची होती, आणि चमकणारी वस्तू तोंडात घालण्यासाठीच असते अशी तिची पक्की समजूत होती.

"आगं, सोड की तिला खाली," अंबूबाई म्हणाल्या. सासूबाईंना दुकानदारानं खुर्ची दिली होती, पण त्या जमिनीवरच ऐसपैस बसल्या होत्या. "चिकटवून घेतल्यासारखी धरून बसलीयास."

"असू द्या, आत्याबाई. पाती आहेत तिथं."

"पाती आपल्या घरात काय कमी हायती? इळी हाय, खुरपं हाय, कोयता हाय. जोतीराम असल्यातच वाढला की. त्याच्या बोटाला कवा..."

आणि त्या एकदम थांबल्या. पदर सारखा करायला लागल्या.

जोतीरामनं ऐकलं नसावं असं शालनला वाटलं, पण त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात आणखी खोल गेलेला तिनं पाहिला. तो हात खिशातच असायचा. इटलीतल्या लढाईत त्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती. पलटणीतून नाव कमी होऊन कडेगावला घरी येऊन वर्ष होत आलं, तरी घरात त्या हाताबद्दल कुणी बोलायचं नाही. अंबूबाई त्याच्या ताटात भाकरी चुरूनच वाढायच्या आणि वर म्हणायच्या, "दुधात लवकर भिजती म्हणून." तो आला त्या आठवड्यात शालनला एवढंच म्हणाला होता, "बाकी काय बी बघ. माझ्या हाताकडं तेवढं बघत जाऊ नगंस."

बघू नको म्हणणं सोपं होतं. शालनचे डोळेच मुळी तसे होते. सांगलीत कॉलेजात असताना सगळ्या मुली तिला हसायच्या. जिन्यावरून उतरताना ही दुसऱ्याचा पाय कुठं पडतोय तेही बघायची. बनू झाल्यावर तर बघणं हा तिचा श्वासच झाला होता. चूल, आड, खाटेखालचा अंधार, सगळीकडे नजर. फक्त एका जागी नजर गेली की तिनं ती उचलून भिंतीवर ठेवायची, एवढं ती शिकली होती.

पुण्याच्या लष्करी इस्पितळात जखमी शिपायांना वेळ जावा म्हणून लाकडावरचं नक्षीकाम शिकवत. जोतीराम तिथं ते शिकला, आणि त्याला वेडच लागलं. येताना त्यानं धनुकलीच्या आकाराची एक हातकरवत आणली होती. माळ्यावर, शाळूच्या पोत्यांआड, दुपारची घरं निजली की तो बसायचा. बाहेरच्या कडा तो झरझर कापायचा. पण जाळी म्हणजे नुसत्या कडा नव्हेत. जाळीतलं एकेक भोक वेगळं. आधी गिरमिटानं छिद्र पाडायचं, मग पात्याचं टोक त्याच्या चापातून सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा चापात धरायचं आणि कसायचं. भोक कापून झालं की पुन्हा सगळं सोडवायचं. जितकी भोकं तितक्या वेळा. एका हातानं पातं चापात धरायचं, दुसऱ्यानं इवलासा स्क्रू चिमटीत पकडून फिरवायचा. आणि चिमटी होते ती नेमकी त्याच बोटांची, जी इटलीत राहिली होती.

म्हणून पातं शालन ओवायची. तो न बोलता करवत तिच्या पुढं करायचा आणि पोत्यांकडे बघत राहायचा. ती ओवून, कसून परत द्यायची. कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघं एकमेकांशीसुद्धा ते कधी बोलले नव्हते.

आता त्यानं कडेगावच्या बाजारात एक गाळा घेतला होता. देव्हारे, घड्याळाच्या पेट्या, खिडक्यांच्या जाळ्या करायच्या, माणसांत बसून करायच्या. आणि बाजारातल्या गाळ्यात घरची सून जाऊन बसत नाही. गेल्या महिन्यात न राहवून तिनं विचारलं होतं, "तिथं पातं कोण ओवणार?"

"मशिनाला लागत न्हाई तसलं," तो म्हणाला होता. "मशीन म्हंजे मशीन."

आणि लगेच उठून गोठ्यात गेला होता.

"या साहेब, असे पुढे या," मोहिद्दीनभाई म्हणत होते. पिकल्या दाढीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्यांचाही भाचा पलटणीत होता. "हे बघा. मुंबईहून आलंय. नवं कोरं. आणि ते काळं पाचगणीचं. तिथं एका साहेबाच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचे, ती शाळा आवरली. चालतं चांगलं, पण रूप गेलंय. मी खोटं नाही सांगणार."

नवं मशीन हिरवंगार होतं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. काळ्या मशिनाच्या फळीवर कुण्या पोरांनी आपापली नावं कोरून ठेवली होती.

"त्ये हिरवं लय झ्याक हाय," अंबूबाई म्हणाल्या. "दारात शोभंल. ह्ये काळं म्हंजे, आवं, भाऊ, इंजनात घालायचं का काय?"

मोहिद्दीनभाई खळखळून हसले. त्यांनी हिरव्या मशिनाच्या चापात पातं बसवलं, वरचा दांडा तळव्यानं दाबून धरला, स्क्रू चिमटीत घेऊन करकचून आवळला. जोतीराम पुढं सरला, तसं त्यांनी हातानं अडवलं. "तुम्ही नाही हात लावायचा. लढाई करून आलेला माणूस तुम्ही. आमच्या दुकानात तुम्ही नुसतं बसून चालवून बघायचं."

मनापासून बोलत होते ते. आणि जोतीरामनं ते आनंदानं मानलं. शालनची नजर त्या आवळलेल्या स्क्रूवर गेली.

तो स्टुलावर बसला. घरून आणलेली पातळ फळी त्यानं पात्यापुढं ठेवली. तिच्यावर पिसारा फुलवलेला मोर पेन्सिलीनं काढलेला होता. उजवा हात खिशातून निघाला, फळीवर पालथा पडला, नुसता दाब द्यायला. डाव्या हातानं तो फळी वळवू लागला. पाय लयीत पडायला लागले. भुशाची बारीक धार सुटली आणि मोराची मान लाकडातून अशी वळत वळत निघाली की मोहिद्दीनभाई वाकून बघतच राहिले.

"वा! हे काम आहे."

जोतीराम हसला. ओठांनी नव्हे, सगळ्या चेहऱ्यानं. लढाईला जाण्याआधी, लग्नाच्या वर्षी, तो असा हसायचा. शालन बघत राहिली आणि तिला वाटलं, जाऊ दे. गप्प बसावं. हे हसू आज घरी जाऊ दे, पुढचं पुढं.

पण पुढचं तिला दिसतच होतं. बाजाराचा दिवस, गाळ्यापुढं माणसं, जाळीतलं पहिलं भोक कापून झालेलं. आणि हा हिरव्या मशिनापुढं बसलेला, स्क्रू कसायला शेजारच्या शिंप्याला हाक मारू का नको करत. एकदा मारेल, दोनदा मारेल. मग एक दिवस गाळ्याला कुलूप लावेल आणि म्हणेल, "मन लागत न्हाई." अंबूबाई त्यावर भाकरी आणखी बारीक चुरतील.

"ह्येच घेऊया," जोतीराम म्हणाला. मोहिद्दीनभाई गोणपाट आणि दोरी काढायला लागले.

शालननं बनूला उचलून अंबूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"आं? आता कशी सोडलीस?"

"धरा नीट, आत्याबाई." आणि ती मशिनापाशी गेली. "भाई, पिसाऱ्यातले डोळे कापून बघायचे राहिले. आतली भोकं."

"हो की! आत्ता ओवून देतो."

"तुम्ही नका. मी बघते. घरी पातं तुटलं तर आमचं आम्हालाच बसवावं लागणार."

"घ्या!" अंबूबाई म्हणाल्या. "कालेजात ह्येच शिकवत हुते काय गं? बाप सांगत हुता, पोरगी इंग्रजी वाचती. सुतारकीचं न्हाई बोलला."

शालननं स्क्रू सैल केला, पातं सोडवलं, मोराच्या पिसाऱ्यात गिरमिटानं पाडून आणलेल्या छिद्रातून ओवलं. मग तिनं उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं तळव्यात मिटून घेतली. कुणाकडे बघितलं नाही. डाव्या हातानं पातं चापात धरलं. दांडा दाबायला हात उरला नाही, म्हणून कोपरानं दाबला. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट, एवढ्यात तो स्क्रू पकडायचा होता. तो फिरला, निसटला, परत फिरला. दांडा वर उसळला, टिंग असा आवाज झाला आणि पातं तिच्या मनगटाला ओरखडा काढून खाली पडलं. बनू टाळ्या पिटायला लागली.

"नवं आहे, जरा घट्ट जातं," मोहिद्दीनभाई अवघडून म्हणाले. "बाईंचा हात नाजूक."

तिनं पुन्हा ओवलं. पुन्हा टिंग.

"अगं, सगळी बोटं लाव की!" अंबूबाई कावल्या. "ती दोन मिटून कशापाई बसलीयास? माणसाला काय दोन बोटं कमी..."

अंबूबाईंचा हात तोंडावर गेला.

शालननं बोटं उघडली नाहीत. आता उघडून लपवण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. ती तशीच काळ्या मशिनाकडे वळली. त्याच्या मागच्या अंगाला एक दांडी होती. तळव्यानं दाबली तर वरचा दांडा खाली येऊन तिथंच अडकून राहिला, हात मोकळा. चापाला स्क्रू नव्हता, बोटभर लांबीचा खटका होता. पातं डाव्या हातानं आत सारलं आणि अंगठ्याच्या बुडानं खटका दाबला. खट. मागची दांडी सोडली, दांडा वर झाला, पातं ताणलं. तिनं नखानं छेडलं, तर तारेसारखं वाजलं.

तिनं मान वर केली तेव्हा जोतीराम दुकानाच्या पायरीवर पाठमोरा उभा होता. दोन्ही हात खिशात.

त्यानं एकच गोष्ट मागितली होती, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. सगळं बघ, तेवढं बघू नको. आणि तिनं ती गोष्ट परक्या माणसापुढं, आईपुढं, स्वतःच्या हातावर काढून दाखवली. घरी सांगता आलं असतं का? घरी तो गोठ्यात गेला असता. तिला दोन्ही पटत होतं, आणि कशानंच बरं वाटत नव्हतं. तिनं बनूला परत घेतलं. मोहिद्दीनभाई दोरी उगाचच गुंडाळत आणि सोडत होते.

बऱ्याच वेळानं पायरीवरून पावलं आत आली.

जोतीराम काळ्या मशिनापुढं बसला. त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि सरळ उजेडात, मशिनाच्या फळीवर ठेवला. मोहिद्दीनभाई सवयीनं पुढं झाले.

"ऱ्हाऊ द्या, भाई. मला करू द्या."

त्यानं मागची दांडी दाबली, पातं सोडवलं, मोर उचलून आणला, पिसाऱ्यातल्या छिद्रात पातं ओवलं. खटका दाबला. पातं निसटलं. पुन्हा ओवलं, पुन्हा निसटलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शालननं सवयीप्रमाणे नजर उचलली आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेऊन ठेवली.

"तिकडं काय बघतीयास?" तो म्हणाला. आवाज चिडका होता, पण आपलेपणाचा. "हितं बघ. ह्यो खटका ढिला हाय, का माझाच हात चुकतोय?"

शालननं बनूला खाली सोडलं आणि ती जवळ गेली. वाकली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं तो हात नीट पाहिला. टाक्यांच्या जागा, आतल्या अंगाला वळलेली कातडी, अंगठ्याच्या बुडाशी करवतीनं पडलेला नवा घट्टा. त्यानं खटका पुन्हा दाबून दाखवला.

"दोन्ही," ती म्हणाली. "खटक्याला तेल हवंय. आणि तुम्ही अंगठ्याच्या टोकानं दाबताय. बुडानं दाबा."

"बुडानं," तो म्हणाला, आणि दाबलं.

खट.

पायांची लय सुरू झाली. मोराच्या पिसाऱ्यातला पहिला डोळा सुटून भुशात पडला, आणि बनूनं तो उचलून तोंडात घालायच्या आत अंबूबाईंनी तिचा हात धरला.